शेवटची एसटी आणि पहिला पगार

दहावीचा निकाल लागला की अकोल्याच्या जठारपेठेच्या चौकात फ्लेक्स झळकतात. नव्वद-पंच्याण्णव टक्केवाली पोरं, त्यांचे हसरे फोटो, खाली क्लासचं नाव. अकोला आता नीट-जेईईच्या क्लासेसचं गाव झालं आहे. शेजारच्या जिल्ह्यांतली मुलं इथे खोल्या घेऊन राहतात, डबा लावतात. त्याच दिवसांत, त्याच पेठेत, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका लहानशा दुकानात मी माझ्या नंबरची वाट पाहत बसलो होतो. माझ्या आधी पातूरकडच्या तांड्यावरून आलेले बापलेक होते. पोराला आयटीआयचा अर्ज भरायचा होता. बापाच्या हातात व्यवसायांची मराठी यादी होती आणि तिच्यातलं काहीच त्याला लागत नव्हतं.

"यात फिटर कुठी हाय, भाऊ?"

"हे काय काका, जोडारी."

"आन् वायरमन?"

"तारतंत्री. आणि वेल्डर म्हणजे संधाता."

पोरानं हळूच हसून घेतलं. बापाने मात्र यादी घडी करून खिशात घातली आणि खरा प्रश्न विचारला, "तिथून सुटल्यावर आमच्या गावाले शेवटची गाडी किती वाजता हाय?"

दुकानदाराला ते सांगता आलं नाही. शासनाच्या माहितीपुस्तिकेतही ते नसतं. पण वऱ्हाडातल्या गरीब घरच्या मुलांच्या तंत्रशिक्षणाचा विचार करताना मला दर वेळी त्या बापाचा प्रश्न आठवतो. गेल्या काही वर्षांत या विषयाशी संबंधित जे वाचलं, पाहिलं, लोकांकडून ऐकलं, त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या शिक्षणाची इमारत आहे, मशीन आहे, अभ्यासक्रम आहे. वाट तुटते ती दोन टोकांना. एक टोक घरापासून संस्थेपर्यंतचं आणि दुसरं संस्थेपासून कामापर्यंतचं. योजना मात्र बहुतेक सगळ्या मधल्या तुकड्यावर निघतात.

हे आजचं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं अशी मागणी होती. कुणब्या-माळ्याच्या पोराला त्याच्या जगण्याशी जोडलेलं शिकायला मिळावं, हा तिचा रोख. पाच वर्षांनी, १८८७ साली, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. गिरण्यांना माहीतगार माणसं हवी होती, म्हणून गिरण्यांच्या शहरात तंत्रशाळा आली. त्या गिरण्यांना कापूस पुरवत होता वऱ्हाड. इथून गाठी गेल्या. इथल्या पोराला मशीन शिकवायला मात्र तेव्हा कुणी शाळा काढली नाही.

मग ती पोरं शिकली कुठे? जिनिंग-प्रेसिंगमध्ये, आणि पुढे अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्यांमध्ये. काकाचा हात धरून पोरगं खात्यात जायचं, आधी झाडू मारायचं, मग बॉबीन उचलायचं, मग साच्यावर उभं राहायचं. ती शाळाच होती, फक्त तिच्या दारावर पाटी नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा लोकांनी रोजगार गेल्याचा हिशेब मांडला, आणि ते बरोबरच होतं. पण त्याबरोबर एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी कारागिरीही थांबली, तिची नोंद कुणी घेतली नाही. अचलपूरची फिनले मिल बंद झाली तेव्हा तेच पुन्हा घडलं.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९४२ सालचा एक कागद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी होती. आज ज्याला आपण अप्रेंटिसशिप म्हणतो, ती ही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तिच्यामागे हाच रेटा होता. युद्धकाळात कारागीर घडवण्याची जी सरकारी योजना चालू होती, तीही त्यांच्याच खात्याकडे होती. १९४५ साली सैन्यातून परतणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी रोजगार आणि प्रशिक्षणाचं महासंचालनालय उभं राहिलं आणि १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली. आजची प्रत्येक आयटीआय त्या योजनेखाली चालते.

१९४२ च्या त्या कागदावर मी थांबतो, कारण त्याच सुमारास आपल्या शेजारी, वर्ध्याला, हातकामाच्या शिक्षणाचा दुसरा एक विचार मांडला गेला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. सूत कातता कातता गणित, शेतात राबता राबता विज्ञान. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतही जीवनशिक्षणावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि गुरुकुंज मोझरीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. या विचाराबद्दल मला मनापासून आदर आहे. हात आणि डोकं वेगळं काढणाऱ्या शिक्षणाने आपलं किती नुकसान केलं ते रोज दिसतं. तरीही नई तालीम गावाने स्वीकारली नाही, आणि त्याला गावच जबाबदार होतं असं मला वाटत नाही. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या जातीने लादलेलं हातकाम केलं, त्या घराला शाळेतही हातकामच समोर आलं तर संशय येणारच. शिकून पोरगं परत तिथेच यायचं असेल तर शाळा कशाला, हा प्रश्न दलित आई-बापाने विचारला आणि तो रास्त होता.

बाबासाहेबांनी मागितलं ते वेगळं होतं. बापाचा धंदा पोराला नीट शिकवा, असं ते म्हणत नव्हते. ज्या यंत्राला आमचा हात कधी लागू दिला नाही ते यंत्र द्या, आणि तेही जिथे पगार मिळतो त्या कारखान्याच्या आत द्या, असं ते म्हणत होते. व्यवसायशिक्षणाची कुठलीही नवी योजना आली की मी तिला हाच एक प्रश्न लावून पाहतो. ही योजना पोराला नव्या यंत्रापाशी नेते, की जुन्याच जागी नीटनेटकं बसवते?

वऱ्हाडाने पहिल्या टोकाचं, म्हणजे घर ते शाळा या टप्प्याचं, मोल फार लवकर ओळखलं होतं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं ते १९२०च्या दशकात, श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या आधी. संस्था आली १९३२ साली. आधी वसतिगृह, मग शाळा-कॉलेजं. खेड्यातल्या पोराची अडचण वर्गात सुरू होत नाही, ती रात्री पाठ टेकायच्या जागेपासून सुरू होते, हे त्यांना कळलं होतं. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, तीही विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. ज्यांना स्वतःला शाळा लाभली नाही त्या बाबांना पोरांच्या मुक्कामाची गरज कळली. आज पंजाबरावांच्या नावाने शासनाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. दोन्ही २०१६-१७ पासून. या योजनांनी कित्येक मुलं शहरात टिकली. पण खात्यात पैसे पडायला उशीर झाला की खोलीमालक थांबत नाही.

आता आजच्या आयटीआयकडे येऊ. महाराष्ट्रात ४००हून जास्त शासकीय आयटीआय आहेत. तालुका तिथे आयटीआय हे धोरण झालं, आणि अकोला जिल्ह्यातही अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूरपर्यंत संस्था पोचल्या. हे मोठं काम आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पण तालुक्याच्या संस्थेत व्यवसाय मोजके. पोराला मशिनिस्ट किंवा इलेक्ट्रॉनिक्स हवं असेल तर अकोला किंवा अमरावती गाठावी लागते. तिथून पुन्हा एसटीचा प्रश्न.

एसटीच्या भाड्यात सवलत आहे. विद्यार्थ्याला मासिक पास तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात मिळतो, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. भाड्यापेक्षा वेळ मोठी अडचण आहे. सकाळच्या पाळीला पोचायचं तर अंधारात फाट्यावर यावं लागतं. मुक्कामी गाडी ज्या गावात येत नाही तिथलं पोरगं दोन-तीन किलोमीटर चालत येतं. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणारी शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हा आपण तिच्या इंग्रजकालीन मालकीबद्दल भरपूर लिहिलं. दर्यापूर-अंजनगावकडचं जे गरीब पोरगं तिच्या स्वस्त तिकिटावर शिकायला येत होतं, त्याच्याबद्दल फारच कमी लिहिलं. अकोला-अकोट मार्ग रुंद होऊन २०२२ साली गाडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्या पट्ट्यातल्या मुलांची सोय झाली. रेल्वेचं वेळापत्रकही शिक्षणधोरणाचाच भाग असतं, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

यात ऐंशी टक्के हजेरीची अट धरा. हजेरी भरली नाही तर आयटीआयच्या परीक्षेला बसता येत नाही. अट योग्यच आहे, कारण वेल्डिंग वही वाचून येत नाही. पण आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे येते. ज्या घरात मजूर लावायला पैसा नसतो, तिथे पोराचा हात हाच मजूर. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही, सारं पीक पावसाच्या भरवशावर. हंगाम हुकला तर वर्ष हुकलं. पोरगं दहा-पंधरा दिवस वेचणीला राहतं, हजेरी घसरते, मास्तर रागावतात, आणि कधी कधी पोरगं परत येतच नाही. आयटीआयच्या विद्यार्थ्याला महिन्याला ४० रुपये विद्यावेतन कितीतरी वर्षं मिळत होतं. २०२३ साली ते ५०० करण्याचा निर्णय झाला. वाढ स्वागतार्ह आहे. पण वेचणीच्या दोन-तीन दिवसांची मजुरी त्याहून जास्त भरते, आणि घरातली आई तोच हिशेब करते.

एकदा का पोरगं कार्यशाळेत शिरलं, की तिथे घडतं ते पाहण्यासारखं असतं. जोडारीच्या, म्हणजे फिटरच्या, पहिल्या वर्षाचं पहिलं मोठं काम कानस मारण्याचं. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने एक बाजू सपाट करायची. कुणालाही वाटतं, यात काय आहे? पहिल्या दिवशी हात वरखाली होतो आणि ठोकळ्याची बाजू नारळासारखी फुगीर होते. मग निदेशक गुण्या देतात. गुण्या ठोकळ्याला लावून खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. लोखंड आणि गुण्या यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की परत व्हाइसवर. कुठे मधोमध दिसते, कुठे कोपऱ्यात. दोन दिवस, चार दिवस, खांदे भरून येतात, तळव्याला फोड येतात. आणि एके दिवशी उजेड दिसत नाही. त्या पोराच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं ते मी पाहिलं आहे. शाळेत दहा वर्षं जो मागच्या बाकावर होता, त्याने पहिल्यांदा काहीतरी बिनचूक केलेलं असतं, आणि ते बिनचूक आहे हे ठरवायला त्याला कुणाच्या लाल पेनाची गरज नसते.

हे घडवून आणतो तो निदेशक. खात्यात त्याला शिल्प निदेशक म्हणतात, आणि नाव किती सुंदर आहे! पण ही पदं मोठ्या प्रमाणावर रिकामी असतात आणि तासिका तत्त्वावरच्या माणसांवर काम भागवलं जातं. तासिकेवरच्या माणसाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही ते माहीत नसतं. एका मशीनचा कान आणि एका तुकडीचा स्वभाव ओळखायला त्याला उसंतच मिळत नाही. नवीन मशीन आणायला निधी मिळतो, उद्घाटनाचा फोटो येतो. ते मशीन चालवून दाखवणारा कायमचा माणूस मिळायला मात्र वर्षं लागतात. सरकारचं एकच काम पहिलं करायचं म्हटलं तर मी हेच सांगेन: निदेशक भरा.

मुलींचं काय? राज्यात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, आणि अकोला-अमरावतीत मुलींच्या स्वतंत्र शासकीय संस्थाही आहेत. २०२४ पासून व्यावसायिक पदवीसारख्या अभ्यासक्रमांत, ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी आहे त्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं. तरी गरीब घरची मुलगी अजून शिवणकाम किंवा ब्यूटी पार्लरकडे वळवली जाते. शिवणकामात कमीपणा नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाचे कारखाने आहेत, तिथेच होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. कापसाच्या पट्ट्यात तयार कपड्याचं काम वाढणार असेल, तर शिवणाऱ्या मुलीला नुसतं ब्लाउज-परकर नव्हे, औद्योगिक मशीन, कटिंगचा हिशेब, मालाची तपासणी आणि लाइन सुपरवायझरचं काम शिकवायला हवं. नाहीतर पार्कमध्ये देखरेखीला बाहेरून माणसं येतील आणि आपल्या मुली फक्त शिलाईवर राहतील.

मेळघाटाची गोष्ट आणखी निराळी आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलांसाठी आश्रमशाळा आहेत, आदिवासी आयटीआय आहेत. पण मला तिथलं लवादा गाव महत्त्वाचं वाटतं. सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने तिथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. कोरकू स्त्री-पुरुषांना बांबूच्या वस्तू, राख्या, घरबांधणी शिकवली आणि पुढे गावातली पारंपरिक कौशल्यं शिकवणारं ग्राम ज्ञानपीठ काढलं. सुनील देशपांडे आता नाहीत, पण त्यांनी घडवलेले कारागीर आहेत. या कामातून एक अवघड गोष्ट समोर येते. बांबूचं काम शिकलात, पण बांबू कुणाचा? १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात मोडत होता. शेतातल्या बांबूवरचं ते बंधन २०१७ साली उठलं. जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क लागतो तो २००६ च्या वनहक्क कायद्याने, आणि तो मिळवायला गावाला वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरावं लागतं. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने तो मिळवला आणि उजाड जंगल परत उभं केलं, त्याची दखल २०१४ साली राष्ट्रीय पुरस्काराने घेतली गेली. कौशल्य शिकवायचं आणि कच्चा माल कुलपात ठेवायचा, हे कसं चालेल?

शाळेतच या सगळ्याची सुरुवात व्हावी, असं कोठारी आयोगापासून सगळे सांगत आले. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवलं, आपल्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आला, आणि बहुतेक शाळांत त्या तासाला कागदाची फुलं झाली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी. त्याच धोरणात एक बोचरा आकडा आहे: १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांत औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६.

महाराष्ट्रात याचं उत्तर एका माणसाने दिलं होतं, पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये. डॉ. श्री. श्री. कालबाग हिंदुस्तान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. त्यांनी गावातली शाळा सुटलेली पोरं घेतली आणि त्यांना एक नव्हे, चार क्षेत्रांतली कामं शिकवली: लोखंड-लाकूड-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. पोरं गावातल्या लोकांचं खरं काम पैसे घेऊन करायची. कुणाचं फाटक, कुणाचं शेड. चुकलं तर गिऱ्हाईक बोलणार. याच धर्तीवर शाळेसाठी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय तयार झाला आणि १९८७ साली तो दहावीच्या मंडळाने मान्य केला. आठवड्यातून एक दिवस, गावातल्याच कारागिरांकडून शिकायचं. खेड्यात एकट्या फिटरला वर्षभर काम नसतं, पण फाटकही जोडेल, पंपही बघेल, सोलरचं पॅनलही बसवेल अशा पोराला गाव सोडायची गरज पडत नाही. वऱ्हाडाला याची किती निकड आहे! मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेखाली शिवारात पंप लागत आहेत, आणि बिघाड झाला की कंपनीच्या माणसाची वाट पाहत पीक सुकतं. आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळ मिल बनवली. कित्येक बचत गट ती चालवतात. तिची दुरुस्ती येणारं पोरगं गावात असेल तर तो गट बंद पडत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे. प्रमाणपत्र हातात आलं, पुढे काय? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. आज तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावे लागतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिल, तेलघाणे, जिनिंग बघितलं की लक्षात येतं, यातले कितीतरी कारखाने त्या ऐच्छिक गटात बसतात आणि हंगामी असतात. मोठ्या जागा म्हटल्या तर पारसचं वीजकेंद्र, भुसावळ-बडनेऱ्याची रेल्वे. त्या थोड्या, आणि अर्ज मात्र ढिगाने. मग पोरं चाकणला, रांजणगावला, वाळूजला जातात. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचं विद्यावेतन किमान ७,००० रुपये. खोलीत सहा जण, डब्याचे पैसे, गावी जायचं भाडं, आणि घरी पाठवायला काय उरतं? पोरगं सहा महिन्यांत परत येतं. घरचे म्हणतात, "आयटीआय करून काय झालं?" आणि शेजारच्या पोराला कुणी आयटीआयला पाठवत नाही. एका पोराची तुटलेली वाट अख्ख्या वस्तीची दिशा बदलते.

योजना कमी नाहीत. १९ ऑक्टोबर २०२३ ला ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. २०२४ साली हजार महाविद्यालयांत आचार्य चाणक्य केंद्रं आली, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशभरातल्या हजार आयटीआय सुधारण्यासाठी पीएम-सेतू योजना जाहीर झाली. यांतल्या काहींनी माणसं कामाला लागतील. पण दोन-तीन महिन्यांचं प्रमाणपत्र दोन वर्षांच्या कानशीची जागा घेत नाही. आणि या सगळ्यांपेक्षा गरीब घरांना जी माहिती आधी मिळायला हवी ती साधी आहे: आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट नाही. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्या मुलाला भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते. त्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि तिथून अभियांत्रिकी पदवीच्याही दुसऱ्या वर्षात. फिटरपासून इंजिनिअरपर्यंत शिडी आहे. तांड्यावर, बौद्धवाड्यात, मोहल्ल्यात तिच्याबद्दल कुणी सांगत नाही.

सर्वांत मोठी तंत्रशाळा तर शासनाच्या यादीत नाहीच. अकोल्याच्या गॅरेजांत, वाइंडिंगच्या दुकानांत, बॉडी-पेंटिंगच्या शेडमध्ये उस्तादांच्या हाताखाली शिकणारी पोरं किती असतील? त्यात मुस्लिम वस्त्यांतली पोरं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठीही एक दार आहे. वयाची आणि अनुभवाची अट पुरी करणाऱ्या कारागिराला खाजगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला बसता येतं. मी ज्या ज्या दुकानात हे सांगितलं, तिथे ते नवीन निघालं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भावाची शेतातली पाच एचपीची मोटर जळाली, ती घेऊन आम्ही एका वाइंडिंगच्या दुकानात गेलो. दुकानात दोन पोरं होती. एक नववीतून सुटलेला, सहा वर्षं उस्तादांकडे. दुसरा आयटीआयचा वीजतंत्री, चाकणहून परत आलेला, आता इथे. पहिल्याने स्टेटरमधलं काळं पडलेलं तांबं छिन्नीने कापून काढलं, एक कॉइल जपून ठेवून वेढे मोजले, तारेचा गेज पाहिला, आणि बोटांनी नव्या तारा अशा भरल्या की बघत राहावं. दुसरा बाजूला बसून कनेक्शनचा नकाशा काढत होता आणि एका फेजला वेढे कमी पडले तर मोटर का तापते, ते पहिल्याला समजावत होता. पहिला ऐकत होता, हात थांबवत नव्हता. दुसऱ्याने मग तार हातात घेतली, एकदा तुटली, पुन्हा घेतली. वार्निश सुकल्यावर संध्याकाळी उस्तादांनी मोटर लावली. घरघर सुरू झाली. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीला टेकवलं, मूठ कानाला लावली, क्षणभर ऐकलं, आणि दोघांकडे बघून विचारलं, "बोलो बेटा, बेअरिंग वाजते का वाइंडिंग?"